किल्ली कुणाकडे आहे?

(पुणे-बंगळूर आणि मुंबई-गोवा महामार्गांवरच्या पेट्रोल पंपचालकांना खुलं पत्र)

सप्रेम नमस्कार,

मार्च उजाडला की तुमच्यापैकी बरेच जण पंपाच्या कडेला पाणपोई मांडता. ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण, वर झावळ्यांचं छप्पर, साखळीला बांधलेला स्टीलचा पेला. उन्हातून आल्यावर ती नुसती दिसली तरी बरं वाटतं. तरीही त्या पाण्याला मी आणि माझ्यासोबतच्या बायका सहसा शिवत नाही. फार तर चूळ भरतो, डोळ्यांवर हबका मारतो आणि पुढे निघतो. पाणी प्यायलं की तासाभरात जावं लागणार, आणि जायला जागा मिळेल याची खात्री नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

मी साताऱ्यात राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते, वय ४७. थोरली मुलगी बारावी झाल्यावर, २०२२ साली, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेतली. त्याआधी दहा वर्षं १५० सीसीच्या गाडीवर फिरत होते. हंपी, गोकर्ण, मुरुडेश्वर, एकदा थेट कन्याकुमारी. कधी एकटी, कधी आमच्या गटातल्या बायकांबरोबर. आम्ही नऊजणी आहोत. एक शाळेत शिकवते, एक नर्स आहे, एकीचं शिवणकामाचं दुकान आहे, दोघी शेती बघतात. म्हणजे तुमच्या पंपावर रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांसारख्याच.

माझ्या गाडीची टाकी १३ लिटरची. एकदा भरली की साडेतीनशे-चारशे किलोमीटर बघावं लागत नाही. पण राइड आखताना आम्ही टाकीचा हिशोब धरतच नाही. साताऱ्याहून निघाल्यावर पहिलं स्वच्छ शौचालय कुठे, त्यानंतरचं कुठे, मधलं बंद असलं तर पर्याय काय, यावर थांबे ठरतात. ज्या टप्प्यात खात्रीची जागा नाही तो टप्पा आम्ही ‘कोरडा’ म्हणतो. कोरड्या टप्प्याच्या आधी दोन तास पाणी बंद. पहाटे पाचला निघायचं असेल तर घरचा चहासुद्धा अर्धा कप.

याचं पुढे काय होतं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गोव्याहून परत येत होते, एकटी. कणकवलीहून फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूर असा रस्ता धरला होता. त्याआधी कुडाळजवळ एका पंपावर थांबले, तर शौचालयाला कुलूप. पुढच्या पंपावर दार उघडं होतं, पण आत पाय ठेवायला जागा नव्हती. तिथून पुढे मी पाणी प्यायलेच नाही. जॅकेटच्या आत घामाच्या धारा, हेल्मेटमध्ये कानशिलं ठणकत होती. राधानगरीच्या अलीकडे एका वळणावर समोरून एसटी आली आणि माझा हात ब्रेकवर उशिरा गेला. फार नाही, पण एरवी जातो त्यापेक्षा उशिरा. काही झालं नाही. गाडी कडेला घेतली, उतरले, तेव्हा पाय थरथरत होते आणि रस्त्यावरची पांढरी रेघ हलल्यासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, मग थंडी वाजून ताप, मग डॉक्टर, मग पाच दिवसांच्या गोळ्या. आईने धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, सगळं केलं आणि वर म्हणाली, बायकांनी एवढं लांब जाऊच नये. डॉक्टर म्हणाल्या, पाणी पीत जा आणि लघवी अडवून धरू नका. दोघींपैकी मला डॉक्टरांचं ऐकायचं आहे, आणि ते तुमच्या हातात आहे.

कारण लांबच्या प्रवासात बाईला आधार तुमचाच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे, तिथेही दुचाकीला बंदी. म्हणजे त्या रस्त्यांवर ज्या काही सोयी होतील त्या आमच्या वाट्याला येणार नाहीत. आम्ही जुन्या रस्त्यांनीच जाणार. शहरांचं म्हणाल तर डिसेंबर २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेच्या जनहित याचिकेवर निकाल देताना महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित शौचालयं बांधायला सांगितलं. त्याच्या आधीपासून मुंबईत बायका ‘राइट टू पी’ म्हणून लढतच होत्या. पण महापालिकेची हद्द संपली की ती चर्चाही मागे राहते आणि कात्रजचा बोगदा ओलांडला की पुढे फक्त तुम्ही. पूर्वी निदान झाडांचा आडोसा तरी होता. चौपदरीकरणात कडेची वडा-आंब्याची जुनी झाडं गेली, आणि आता दुभाजक, गटार आणि पत्र्याचं कुंपण यांच्यात आडोसा कुठे शोधायचा? पुरुष सोबती गाडी कडेला लावून दोन मिनिटांत मोकळे होतात. आम्ही हेल्मेट न काढता त्यांची वाट बघतो.

पहाटेची गोष्ट सांगते, कारण माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं हा आमचा नियम. म्हणून निघतो पहाटे पाचला. पहिला थांबा साडेसहा-सातच्या सुमारास येतो. पंप चालू असतो, पोरगं पेट्रोल भरतं, हवा बघतं. मी विचारते, “दादा, बाथरूम?” आणि उत्तर येतं, “किल्ली सायबांकडं हाय, मॅडम. साहेब नवाला येत्यात.” हे वाक्य मी इतक्या ठिकाणी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता विचारताना माझी नजर त्या पोराच्या तोंडाकडे नसते, केबिनच्या काचेतून दिसणाऱ्या खिळ्याकडे असते. खिळ्याला किल्ली लटकत असेल तर दिवस चांगला. नसेल तर पुढचा पंप.

त्या पोराचा दोष नाही हे मला कळतं. त्याला सांगितलेलं असतं, कुणालाही द्यायची नाही. आणि तसं सांगणाऱ्या तुमच्याही अडचणी आहेत. मी तुमच्यातल्या काही जणांशी बोलले आहे. ट्रॅव्हल्सची बस थांबते, पन्नास माणसं एकदम आत जातात, पेट्रोल-डिझेल एक थेंब न घेता बस निघून जाते आणि मागे जे राहतं ते साफ करायला माणूस मिळत नाही. नळाच्या तोट्या चोरीला जातात. मार्च ते जून टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं. एका काकांनी मला महिन्याचं टँकरचं बिल काढून दाखवलं होतं, ते खोटं नव्हतं. हे सगळं मान्य करूनही मी म्हणते की कुलूप हा त्यावरचा उपाय नाही. हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छ शौचालय या सोयी गिऱ्हाइकाला द्यायच्या हे तेल कंपन्यांच्या नियमांतच आहे, तुम्ही पंप घेतलात तेव्हा त्यावर सही केली आहे. बसचा चालक माजोरी करतो म्हणून बाईने का अडवून धरायचं? बसवाल्याशी बोला, बस थांबल्यावर माणूस उभा करा, वाटलं तर बसमधल्या माणसांकडून दोन-पाच रुपये घ्या. पण पहाटे एकट्या आलेल्या बाईला ‘साहेब नवाला येतील’ हे उत्तर मिळू नये.

आता दार उघडल्यावरचं. हे कुणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

लांबच्या राइडला आमच्या अंगावर काय असतं बघा. खांद्याला, कोपराला, पाठीला गार्ड असलेलं जॅकेट, ते दोन-अडीच किलोचं. जाड रायडिंग पँट, गुडघ्यांना नी-गार्ड, घोट्याच्या वर बूट, हातमोजे, हेल्मेट. पडलो तर हाडं वाचावीत म्हणून हे सगळं, ते बाहेर काढून ठेवता येत नाही. गाडीवर ठेवावं तर जॅकेटच्या खिशात फोन, पैसे, लायसन्स. आत घेऊन जावं तर ठेवायचं कुठे? जमीन ओली. खिडकी असली तर तिची फळी कबुतरांनी भरलेली. मी जॅकेट गळ्यात अडकवून, हेल्मेट कोपरात धरून, एक पाय दाराला लावून बसले आहे, कारण आतून कडी नव्हती. मासिक पाळीत हेच सगळं करून पॅड बदलायचा. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून परत बॅगेत ठेवायचा, कारण डबा नाही. आमच्यातल्या दोघी पॅडऐवजी मेन्स्ट्रुअल कप वापरतात. त्यांना स्वच्छ पाण्याने हात धुतल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून त्या पाण्याची वेगळी बाटली जवळ बाळगतात, जी पिता येत नाही.

तुम्ही यासाठी संगमरवर बसवावा असं कुणीच म्हणत नाही. भिंतीला एक खुंटी हवी. खुंटी नसेल तर दोन दणकट खिळे, पण खांद्याच्या उंचीला आणि दारापासून लांब. आतून लागणारी कडी. तीही नीट बघून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी कडी असते आणि ती ज्यात जायची ते भोक हललेलं असतं. एक दिवा, कारण पहाटे आणि पावसाळ्यात आत काही दिसत नाही आणि फोनचा टॉर्च धरायला तिसरा हात नसतो. झाकणाचा डबा. बादली आणि मग. हँडशॉवर असला तर उत्तमच, पण बादलीत पाणी असणं महत्त्वाचं. यात सगळ्यात स्वस्त ती खुंटी, आणि इतक्या वर्षांत मला ती जेमतेम चार ठिकाणी दिसली. आमच्या गटात आम्ही त्या चार पंपांना ‘खुंटीवाले’ म्हणतो.

आणि जागा. शौचालय पंपाच्या पाठीमागे, ट्रक उभे राहतात त्याच्या पलीकडे, अंधारात, हे बहुतेक ठिकाणचं चित्र. एकटी असेन तर मी तिथे जातच नाही. जिथे ते केबिनच्या शेजारी आहे तिथे जाते. जिथून माझी गाडी आणि गाडीवरची सॅडल बॅग दिसेल तिथे उभी करू देणारा पंपही मला लक्षात राहतो. बांधलेलं शौचालय काही हलवता येणार नाही, पण तिथे जाणाऱ्या वाटेवर एक बल्ब लावता येतो. ट्रक दहा फूट पुढे लावायला सांगता येतं.

एक निरीक्षण सांगते, त्याला आकडेवारीचा आधार नाही, आमच्या नऊजणींचा अनुभव आहे. ज्या पंपावर पेट्रोल भरायला मुली आहेत, तिथलं शौचालय उघडं आणि स्वच्छ असतं. त्यांना दिवसातले आठ-नऊ तास तिथेच काढायचे असतात आणि त्या किल्ली ठेवून घेत नाहीत. कराडच्या पुढे अशा एका पंपावरच्या मुलीने मला न विचारता आत नेलं, स्वतःचं जॅकेट असावं तसं माझं जॅकेट हातात धरलं आणि म्हणाली, “ताई, निवांत. मी हाय इथं.” आम्ही तेव्हापासून बंगळूरकडे जाताना दर वेळी तिथेच टाकी भरतो, गरज असो-नसो. गट पूर्ण असेल तर नऊ टाक्या. शेजारी चहा-पोह्यांचा गाडा आहे, त्याचाही धंदा होतो. आमची एक यादी आहे, फोनवर फिरते, पुण्याच्या, कोल्हापूरच्या, बेळगावच्या गटांकडेही ती जाते. ‘निपाणी सोडल्यावर डाव्या हाताला, निळी पाण्याची टाकी, उघडं असतं’, अशा ओळी. २०११ साली पुण्यात ‘द बाइकर्नी’ हा बायकांचा मोटारसायकल गट सुरू झाला तेव्हा अशा गाड्या हाकणाऱ्या बायका शोधाव्या लागत. आता तालुक्याच्या गावातूनही मुली निघतात. गुढीपाडव्याला गिरगावात, डोंबिवलीत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो तुम्ही बघता. त्यातल्या कितीतरीजणी पुढच्या सुट्टीत दोनशे-चारशे किलोमीटरला निघतात. त्या कुठे थांबतात हे ती यादी ठरवते. तुमचा पंप त्या यादीत यावा असं मला मनापासून वाटतं.

पण हे पत्र फक्त आमच्यासाठी लिहायचं असतं तर कदाचित लिहिलंही नसतं. परवाच्या हंगामात एक प्रसंग घडला, तो डोक्यातून जात नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. पेठ नाक्याच्या आसपास एका पंपावर थांबले. ऊसतोडीची टोळी आलेली, मराठवाड्याकडची. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात पत्र्याच्या पेट्या, भांडी, कोंबड्या, चुलीची लाकडं आणि त्यावर बायका-पोरं बसलेली. ट्रॅक्टरवाला डिझेल भरत होता. रात्रभर ते लोक रस्त्यावर होते हे चेहऱ्यांवरून कळत होतं. मी किल्ली मागितली, पंपावरच्या पोराने लगेच दिली. जॅकेट, हेल्मेट बघून देत असावा. मी परत येते तर दोन बायका त्याच्यासमोर उभ्या. त्यातली एक पोटुशी होती, सातवा-आठवा महिना असेल. तो म्हणाला, “मागं उसात जावा.” ती काही बोलली नाही. दुसरी म्हणाली, “अंधारात आलो अन् आता उजाडलं की रं बाबा. कुठं बसावं?”

किल्ली अजून माझ्या हातात होती. मी ती त्यांना दिली. मग ट्रॉलीतून बाकीच्या उतरल्या. अकरा बायका आणि चार-पाच लहान पोरी. मी दाराशी उभी राहिले, कडी नव्हती म्हणून. अर्धा तास लागला. पंपावरचा पोरगा आधी कुरकुरला, मॅडम साहेब मला बोलतील म्हणाला. मग काय वाटलं त्याला कोण जाणे, गाड्या धुवायचा पाइप ओढत आणला आणि दोन बादल्या भरून दिल्या. शेवटची बाई बाहेर आल्यावर त्याने स्वतः सगळं धुऊन काढलं. ती पोटुशी बाई ट्रॉलीत चढताना मला म्हणाली, “तुमची गाडी हाय का ती? भ्या वाटत नाही का?” मी म्हटलं, नाही वाटत. खरं तर मला तिला विचारायचं होतं की तू रात्रभर काय केलंस. विचारलं नाही.

तेव्हापासून मी पंपावर गेले की आजूबाजूला बघते. स्कूटीवर दोन पोरांना घेऊन माहेरी निघालेली बाई. टेम्पोत भाजीच्या क्रेटवर बसलेली. बदलीच्या गावाहून येणारी ग्रामसेविका. नवऱ्याच्या मागे चार तास बसून आलेली म्हातारी, जी उतरून इकडेतिकडे बघते आणि कुणाला विचारत नाही. आम्ही विचारतो, कारण आम्हाला अंगावरच्या जॅकेटमुळे धीर येतो आणि समोरच्याला आमचा मान ठेवावासा वाटतो. त्या विचारत नाहीत. दाराला कुलूप दिसलं की परत गाडीवर बसतात. त्यांना तुमच्याकडून ‘नाही’ हा शब्दसुद्धा ऐकावा लागत नाही, इतकं ते त्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

आषाढात पालखीच्या वाटेवर निर्मल वारीची फिरती शौचालयं मी पाहिली आहेत. लाखो माणसं, त्यात निम्म्या बायका, आणि तरी ते जमवलं जातं. फलटण, लोणंदकडचे पंपवाले त्या दिवसांत वारकरी बायकांसाठी दारं उघडी ठेवतात, पाणी देतात, पाय धुवायला जागा देतात, आणि त्याचा हिशोब मागत नाहीत. गाडगेबाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या आणि हातात खराटा घेतला, तो वाटेवरच्या माणसासाठीच. ही रीत आपल्याकडे नवी नाही. ती वर्षातल्या त्या दोन-तीन आठवड्यांपुरती का राहावी, एवढंच मला विचारायचं आहे.

येत्या दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही नऊजणी साताऱ्याहून कन्याकुमारीला निघतो आहोत. पहिला मुक्काम हुबळी, मग तुमकुरूमार्गे बंगळूर, पुढे सेलम, मदुराई. पहाटे पाचला पोवई नाक्यावर जमू. साडेसहाच्या सुमारास पेठ नाका ओलांडत असू, आठपर्यंत कोल्हापूरच्या बाहेर. त्याच आठवड्यात बीडकडून टोळ्याही येत असतील. त्या पट्ट्यातल्या सगळ्या पंपचालकांना विनंती आहे: आदल्या रात्री घरी जाताना किल्ली सोबत नेऊ नका. केबिनच्या बाहेर खिळ्याला लावा, आणि रात्रपाळीच्या पोराला सांगून ठेवा की जी बाई मागेल तिला द्यायची.

आपली,
एक नेहमीची गिऱ्हाईक, सातारा